जुन्या रेडिओची घरघर

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटावर, ग्रंथालयाच्या अडगळीत किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ अजूनही सापडतो. लाकडी पेटी, शहरांची नावे लिहिलेली काचेची तबकडी आणि आतल्या काचेच्या नलिका पाहून मुले हरखून जातात. कोणीतरी उत्साहाने प्लग लावतो. तबकडीमागचा दिवा लागतो, अर्ध्या मिनिटात नलिका तापतात आणि स्पीकरमधून आकाशवाणीऐवजी एक जाड, एकसुरी ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो. रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर याला ‘हम’ म्हणतात.

ही घरघर बिघाडाची बातमी देते. ती नीट ऐकली तर दोष संचाच्या कोणत्या भागात आहे, याचा बराचसा अंदाज हात न लावताच बांधता येतो. परंतु याच संचात २५० ते ३०० व्होल्टचा एकदिश विद्युतदाब खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. म्हणून घरघरीचे कारण आणि स्वतःचा बचाव, या दोन्ही गोष्टी आपण बरोबरीने पाहू. एक गोष्ट आरंभीच सांगतो. संच उघडण्याचे काम घरातील विजेची उपकरणे हाताळण्याचा अनुभव असलेल्या मोठ्या माणसाने, शेजारी दुसरे कोणी असतानाच करावे. विद्यार्थ्यांनी पाहावे, टिपणे घ्यावीत. त्यांच्या हाताने करण्याजोगा प्रयोग लेखाच्या शेवटी दिला आहे.

घरघर कोठून येते?

आपल्या घरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे ए.सी. असते. तिची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. रेडिओतील नलिकांच्या धनाग्रांना मात्र स्थिर एकदिश दाब हवा असतो. त्यासाठी आधी ट्रान्सफॉर्मर म्हणजे रोहित्र दाब हवा तेवढा करतो आणि मग एकदिशकारक नलिका, म्हणजे रेक्टिफायर, प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देते. अशी द्विप्रस्थ नलिका जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली तयार केली. पाण्याच्या नळाला झडप असते तशी ही विजेची झडप, म्हणून तिला ‘व्हॉल्व्ह’ हे नाव पडले.

एकदिशकारकातून बाहेर पडणारा प्रवाह एका दिशेचा असला तरी स्थिर नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो. आवर्तनाचा एकच अर्धा भाग वापरला तर सेकंदाला ५० ठोके आणि दोन्ही अर्धे भाग वापरले तर १०० ठोके पडतात. हे ठोके सपाट करण्याचे काम मोठ्या धारित्राचे. बाजारात त्याला कंडेन्सर किंवा कपॅसिटर म्हणतात. गावात पाणी ठरावीक वेळी येते, पण गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला दिवसभर धार असते. कंडेन्सर हीच टाकी आहे. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तो साठवलेला विद्युतभार देत राहतो.

टाकी लहान झाली तर काय होईल? साधे गणित करून पाहू. संच ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, ठोके सेकंदाला १०० आहेत आणि कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडचा आहे असे धरू. प्रवाहाला ठोक्यांची संख्या आणि धारिता यांच्या गुणाकाराने भागले की दाबातील चढउतार मिळतो. तो येतो सुमारे १२ व्होल्ट. पुढे १००० ओहमचा रोध आणि ५० मायक्रोफॅरडचा दुसरा कंडेन्सर असेल, तर १०० हर्ट्झला त्या कंडेन्सरचा अवरोध सुमारे ३२ ओहम भरतो. म्हणजे चढउतार तिसाव्या हिश्शावर, साधारण ०.४ व्होल्टवर येतो आणि स्पीकर शांत राहतो. आता दोन्ही कंडेन्सर वयोमानाने १० मायक्रोफॅरडवर आले असे समजा. पहिल्या ठिकाणी चढउतार ६० व्होल्टच्या घरात जातो आणि दुसऱ्या ठिकाणी तो फक्त सहाव्या-सातव्या हिश्शावर येतो. चारदशांश व्होल्टच्या जागी नऊ-दहा व्होल्ट! हाच चढउतार प्रवर्धकातून स्पीकरपर्यंत पोचतो आणि आपल्याला घरघर ऐकू येते.

असे का होते? हे कंडेन्सर विद्युत-अपघटनी जातीचे असतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्याला लागून ओलसर रसायन असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रसायन वाळते आणि धारिता घटते. संच फार वर्षे बंद राहिला तर ऑक्साइडचा थरही खराब होतो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब दिला की त्यातून गळती प्रवाह वाहतो, तो तापतो, आत वायू तयार होतो आणि प्रसंगी तो फुटतो. म्हणून माळ्यावरून काढलेला रेडिओ ‘चालतो का बघू’ म्हणून सरळ प्लगला लावू नये. आधी धूळ झटकावी, वायरीवरचे रबर तडकले आहे का, उंदरांनी काही कुरतडले आहे का, कंडेन्सर फुगला किंवा पाझरला आहे का, हे नीट पाहावे.

बंद संचही धक्का देतो

प्लग काढला म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. ५० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर ३०० व्होल्ट दाब असेल तर त्यात सव्वादोन जूल ऊर्जा साठलेली असते. तिचा धक्का जोराचा बसतो. हात झटक्याने मागे येतो आणि पत्र्यावर किंवा काचेवर आपटून जखम होते, ती वेगळीच.

म्हणून क्रम असा ठेवावा. बटन बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढून आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावा. मागचे झाकण उघडावे. १० किलोओहमचा, ५ ते १० वॉटचा वायरगुंडाळीचा रोध घ्यावा आणि त्याला चांगले आवरण असलेल्या दोन वायरी जोडाव्यात. एका वायरीची चिमटीदार क्लिप कंडेन्सरच्या ऋण टोकाला लावावी. बहुतेक संचांत हे टोक चॅसीला, म्हणजे सुटे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेले असते. दुसऱ्या वायरीचे टोक आवरणाला धरून कंडेन्सरच्या धन टोकाला लावावे. दुसरा हात मागे किंवा खिशात ठेवावा, म्हणजे एका हातातून शिरलेला प्रवाह छातीतून दुसऱ्या हाताकडे जाणार नाही. ५० मायक्रोफॅरडच्या दोन कंडेन्सरांची मिळून धारिता १०० मायक्रोफॅरड होते. या रोधातून त्यांचा कालांक एक सेकंद येतो आणि पाच सेकंदांत ३०० व्होल्टचे दोनच व्होल्ट उरतात. तरीही दहा-पंधरा सेकंद थांबावे. प्रत्येक कंडेन्सरवर हीच कृती करावी आणि मग मल्टिमीटरने दाब मोजून खात्री करून घ्यावी. मीटर चालू आहे की नाही हे आधी एखाद्या बॅटरीवर पाहून ठेवावे. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो!

स्क्रूड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवय अनेकांना असते. तिने कंडेन्सर खराब होतो, धातू वितळून उडतो आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. ती टाळावी.

संचाची जात ओळखा

जुने रेडिओ मुख्यतः दोन प्रकारचे. एका प्रकारात ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांमुळे चॅसी घरातील विजेपासून अलग राहते. दुसरा प्रकार ‘ए.सी.-डी.सी.’ संचांचा. पूर्वी काही शहरांच्या जुन्या भागांत एकदिश वीजपुरवठा होता आणि ट्रान्सफॉर्मर एकदिश प्रवाहावर चालत नाही. त्यामुळे कोणत्याही पुरवठ्यावर चालतील असे संच बनवले गेले. ते स्वस्तही पडत. यांत सर्व नलिकांचे तापतंतू एकसरीत जोडलेले असतात आणि विजेची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की अख्खी चॅसी फेजवर येते, म्हणजे तिच्यावर २३० व्होल्ट असतात! खुंटीचा प्लॅस्टिकचा बोंडा निघाला किंवा त्यातील स्क्रूवरचे मेण पडले, तर नुसता आवाज कमीजास्त करतानाही धक्का बसू शकतो.

नलिकेवरचे नाव वाचले तर जात ओळखायला मदत होते. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर तापतंतूविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, तर ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची एकसरी. पुढच्या अक्षरांपैकी ‘झेड’ हे दोन्ही अर्धे भाग वापरणाऱ्या एकदिशकारकाचे चिन्ह, तर ‘वाय’ हे एकच अर्धा भाग वापरणाऱ्याचे. म्हणून ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईझेड ८० अशा नलिका दिसल्या तर संच बहुधा ट्रान्सफॉर्मरचा असतो. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूवाय ८५ अशी नावे दिसली तर तो ए.सी.-डी.सी. समजावा.

परंतु केवळ नावावर विसंबू नये. काही संचांत ट्रान्सफॉर्मर असूनही एकच वेटोळे असते आणि तो चॅसी अलग करत नाही. म्हणून प्लग बाहेर, कंडेन्सर रिकामे आणि रेडिओचे बटन चालू, अशा स्थितीत प्लगच्या फेज व न्यूट्रलच्या प्रत्येक पिनेपासून चॅसीपर्यंतचा रोध मोजावा. कोणत्याही पिनेवर शून्य किंवा काहीशे ओहम आले तर चॅसी विजेला जोडलेली आहे. आमचे स्पष्ट मत आहे की असा संच शाळेत उघडून चालवू नये. तो अनुभवी कारागिराकडे द्यावा. तो संच अलगकारी ट्रान्सफॉर्मर मध्ये घालूनच त्यावर काम करतो. वर्गात हा संच वीज न देता दाखवण्यासाठी ठेवावा. तेवढ्यानेही पुष्कळ शिकवता येते.

कान काय सांगतो?

आता ट्रान्सफॉर्मरच्या, कालपर्यंत वापरात असलेल्या आणि अलीकडे घरघरू लागलेल्या संचाचा विचार करू. मागचे झाकण बंदच ठेवून पुढील गोष्टी पाहता येतात. मात्र जळका वास आला किंवा धूर दिसला तर लगेच प्लग काढावा.

पहिला प्रश्न, आवाज स्पीकरमधून येतो की पेटीतून? चालू करताक्षणी, नलिका तापण्यापूर्वीच बारीक घूं ऐकू आली तर ती ट्रान्सफॉर्मरच्या सैल पत्र्यांची असते. नलिका तापल्यावर वाढणारा आवाज स्पीकरचा.

दुसरा प्रश्न, आवाजाची खुंटी फिरवली की घरघर बदलते का? खुंटी पूर्ण खाली आणूनही ती तेवढीच राहिली तर दोष खुंटीच्या पुढे, म्हणजे बहुधा वीजपुरवठ्यात किंवा शेवटच्या नलिकेत असतो. खुंटीबरोबर ती कमीजास्त झाली तर दोष खुंटीच्या आधी. तेथे एखाद्या वायरीचे जाळीचे आवरण तुटलेले असते किंवा त्या भागातील नलिका बिघडलेली असते.

तिसरा प्रश्न, घरघर केवळ केंद्र लागल्यावरच येते का? तसे असेल तर घरातील विजेच्या तारांवाटे शिरणाऱ्या रेडिओलहरींवर ५० किंवा १०० हर्ट्झचा ठसा उमटत असतो. मोठे कंडेन्सर बदलून हा दोष जात नाही.

चौथा प्रश्न सुराचा. ५० आणि १०० हर्ट्झ यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. ट्यूबलाइटच्या जुन्या लोखंडी चोकची घरघर १०० हर्ट्झची असते. तिच्याशी रेडिओचा सूर ताडून पाहावा. दोन्ही जुळले आणि एकदिशकारक ‘झेड’ जातीचा असला तर संशय वाळलेल्या कंडेन्सरवर जातो. रेडिओचा सूर एक सप्तक खाली असेल तर दोन शक्यता उरतात. एक, ‘झेड’ नलिकेचा एक अर्धा भाग निकामी झाला आणि ठोके सेकंदाला ५०च पडू लागले. दुसरी, एखाद्या नलिकेत तापतंतू आणि ऋणाग्र यांच्यामधील विद्युतरोधन बिघडले आणि तापतंतूची ए.सी. आत झिरपू लागली. लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झ नीट उमटत नाहीत, वरचे स्वर अधिक ऐकू येतात. त्यामुळे हा पुरावा इतर पुराव्यांशी जोडूनच वापरावा.

दुरुस्ती

पुरावे वीजपुरवठ्याकडे बोट दाखवत असतील तर दोन्ही मोठे कंडेन्सर बदलावेत. जुन्या संचांत ते बहुधा ॲल्युमिनियमच्या एकाच डब्यात असतात. नवा कंडेन्सर जुन्याला समांतर जोडून मोकळे होणे ही चुकीची पद्धत आहे, कारण जुन्याची गळती तशीच राहते. जुन्याच्या तारा सोडवाव्यात आणि शोभेसाठी डबा जागेवर राहू द्यावा. नव्या कंडेन्सरचा दाबाचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. अशा संचांत ४५० व्होल्टचा घेणे बरे. धारिता साधारण मूळ मापाचीच ठेवावी. जास्त मोठा कंडेन्सर घातला तर घरघर आणखी कमी होईल, पण प्रत्येक ठोक्याला तो भरताना एकदिशकारक नलिकेवर ताण पडेल. ईझेड ८० साठी पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. मुळात ५० असेल तेथे आज सहज मिळणारा ४७ मायक्रोफॅरडचा चालतो. धन-ऋण टोके उलटी लागली तर कंडेन्सर फुटतो. म्हणून वायरी सोडवण्यापूर्वी त्यांचे चित्र काढून ठेवावे किंवा छायाचित्र घ्यावे.

याच वेळी आणखी एक छोटा भाग बदलावा. पहिल्या ध्वनिप्रवर्धक नलिकेच्या धनाग्राकडून शेवटच्या नलिकेच्या जालिकेकडे, म्हणजे ग्रिडकडे, जाणारा सुमारे ०.०१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर दमट हवेने गळू लागतो. मग जालिकेवर धन दाब येतो, शेवटची नलिका भलताच प्रवाह घेते, आवाज फाटतो, घरघर वाढते आणि शेवटी नलिका व ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. काही रुपयांचा नवा ४०० ते ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर हे नुकसान वाचवतो.

पुन्हा वीज देताना

कारागिरांची ‘सिरीज दिव्या’ची युक्ती येथे उपयोगी पडते. ६० वॉटचा तंतूचा बल्ब संचाच्या एकसरीत जोडतात. एल.ई.डी. दिवा या कामाला चालत नाही. संच चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो प्रखरच राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढावा. या बल्बमुळे संच वाचतो, माणूस नव्हे. दिवा मध्ये असला तरी धक्का बसायचा तो बसतोच. तीच गोष्ट घरातील गळतीरोधक स्विचची. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्यातील ३०० व्होल्टचा धक्का त्याला कळत नाही, कारण तो प्रवाह जमिनीकडे न जाता संचातल्या संचातच फिरतो. फ्यूज मूळ मापाचाच घालावा, तारेचा तुकडा नव्हे.

चालू संचात दाब मोजायचा असेल तर आधी संच बंद करून आणि रिकामा करून मीटरच्या क्लिपा लावाव्यात, हात बाहेर काढावेत आणि मगच प्लग लावावा. शेवटच्या नलिकेच्या धनाग्राचा पत्रा लाल होताना दिसला तर तत्काळ वीज बंद करावी. सर्व ठीक असेल तर अर्ध्या मिनिटात नलिका तापतात आणि खुंटी खाली असताना स्पीकरला कान लावल्यावरच काय ती बारीक घूं ऐकू येते. तेवढी घरघर हे संच नवेपणीही करत असत. ती घालवण्याच्या मागे लागू नये.

वर्गातील प्रयोग

आता विद्यार्थ्यांच्या हाताने करावयाचा प्रयोग. बंदिस्त पेटीतील ६-०-६ व्होल्टचा लहान ट्रान्सफॉर्मर, दोन साधे रेक्टिफायर डायोड, २२० ओहमचा अर्ध्या वॉटचा रोध आणि १००० व १०० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टचे कंडेन्सर घ्यावेत. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी शिक्षकांनी करून झाकून ठेवावी. मधली तार ऋण धरावी, दोन्ही टोकांच्या तारा एकेका डायोडमधून एकत्र आणाव्यात आणि तेथून मधल्या तारेपर्यंत रोध जोडावा. रोधाच्या दोन टोकांवर एक लहान स्पीकर लावावा. त्याच्या एकसरीत १०० ओहमचा रोध आणि १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असावा व त्याचे धन टोक डायोडांच्या बाजूला ठेवावे.

स्पीकर कानाजवळ धरला की स्पष्ट घरघर ऐकू येते. मोठ्या रोधाला समांतर १०० मायक्रोफॅरड जोडले की ती उतरते, १००० जोडले की जवळजवळ नाहीशी होते. मग कंडेन्सर काढून एक डायोड सोडवावा. घरघरीचा सूर एका सप्तकाने खाली येतो. गाण्याचा कान असलेली मुले ते लगेच ओळखतात. रेडिओच्या पेटीत ३०० व्होल्टवर जे घडले तेच येथे ६ व्होल्टवर घडते. हा प्रयोग केलेल्या विद्यार्थ्याला जुन्या रेडिओची घरघर ऐकून आत काय बिघडले असेल याचा अंदाज करता येईल. आणि पेटीला हात लावण्यापूर्वी तो आधी प्लग काढेल, मग कंडेन्सर रिकामा करेल आणि मीटर लावून खात्री करून घेईल.